मोटर हातात घे, मग माउस

पत्र:

ताई, मी भांडुपला राहते. मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा कॉलेजच्या रोबो-सॉकर टीममध्ये मला घेतलं, पण काम मिळालंय रिपोर्ट लिहिण्याचं आणि पोस्टर बनवण्याचं. सीनियर म्हणतात, कॅड (संगणकावर डिझाइन काढणं) येत असेल तर डिझाइनमध्ये ये. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत व्हिडिओ बघून शिकायला लागले. व्हिडिओ चालू असेपर्यंत सगळं जमतं. तो बंद करून आमच्या रोबोचा मोटर माउंट, म्हणजे मोटर धरून ठेवणारा भाग, काढायला बसलं की पुढे काय करायचं तेच सुचत नाही. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा. एका सीनियरने पेन ड्राइव्हवर सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरचं क्रॅक दिलंय, ते उघडता उघडताच लॅपटॉप अडकतो. आमच्या नियमात रोबो ३० सेंमी बाजूच्या खोक्यात मावला पाहिजे आणि वजन ५ किलोच्या आत हवं. बाबा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. ते म्हणतात, आधी कागदावर ड्रॉइंग काढ. मला वाटतं, त्यांचा काळ वेगळा होता. स्पर्धा फेब्रुवारीत आहे. तोवर जमेल का? कोणतं सॉफ्टवेअर शिकू?
– भांडुपची एक वाचक

उत्तर:

जमेल. फेब्रुवारीपर्यंत मोटर माउंट, तळाची प्लेट आणि चाकाचा हब (मधला भाग) एवढं तू स्वतः काढून, बनवून घेऊन, रोबोवर बसवू शकतेस. अख्खा रोबो एकटीने डिझाइन करायची घाई करू नकोस, पहिल्या वर्षी त्याची गरजही नाही. पण सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी बाबांबद्दल बोलू, कारण ते तुला अगदी बरोबर सांगताहेत.

व्हिडिओ चालू असताना तुला जमत होतं ते काय होतं, जरा आठव. समोरच्या माणसाने ८० मिमी सांगितलं, तू ८० टाइप केलंस. भोक कडेपासून १२ मिमीवर घ्यायचं हे त्याचं आधीच ठरलेलं होतं. जाडी ३ मिमी का, भोकं चार का, कोपरा गोल का, हे सगळे निर्णय त्याने घेतले आणि तुझ्या वाट्याला फक्त बटणं आली. रोज रिक्षाने जायच्या घरी एकदा चालत जायची वेळ आली की कुठे वळायचं ते आठवत नाही, तसंच हे आहे. तुझ्यात काही कमी नाही. तुला कमांड येतात. आकडे ठरवायला कुणी शिकवलेलं नाही, आणि डिझाइन म्हणजे मुख्यतः आकडे ठरवणंच.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी सुरुवातीला संगणक उघडूच देत नाही. टीमकडे जी मोटर आहे ती घरी माग. रोबो-सॉकरमध्ये बहुतेक जण १२ व्होल्टची गिअर मोटर वापरतात, तुमचीही तशीच असेल. ती टेबलावर ठेव आणि शेजारी व्हर्नियर कॅलिपर घे. स्वतःचा नसेल तर बाबांचा माग, पण तो जपून परत द्यायचा, कारण कामगार आपला व्हर्नियर सहजासहजी कुणाला देत नाही. मग कागदावर मोटरचं तोंड समोरून कसं दिसतं ते काढ. गिअरबॉक्सचा व्यास, शाफ्टचा व्यास, शाफ्टची सपाट बाजू किती तासलेली आहे, शाफ्टभोवतीचा उंचवटा किती मोठा आणि किती उंच, स्क्रूची भोकं किती आणि एकमेकांपासून किती अंतरावर. प्रत्येक माप दोन-तीनदा घे. भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने सरळ मोजता येत नाही. दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर घे आणि त्यातून एका भोकाचा व्यास वजा कर. ही युक्ती बाबांना आधीपासून ठाऊक असणार, त्यांच्याकडूनच शिकून घे.

एक गोष्ट मुद्दाम बघ. या गोल गिअर मोटरमध्ये शाफ्ट बऱ्याचदा मध्यावर नसतो. ३७ मिमी व्यासाच्या गिअरबॉक्सच्या काही मोटरमध्ये तो मध्यापासून ७ मिमी बाजूला असतो. व्हिडिओ बघून काढणारी मुलं शाफ्ट सरळ वर्तुळाच्या मध्यात ठेवतात. मग माउंट बनून येतो, मोटर बसते आणि चाक जमिनीला टेकतच नाही. त्यातून एका बाजूची मोटर वरखाली फिरवून बसवली तर दोन्ही चाकांच्या अक्षांत १४ मिमीचा फरक पडतो आणि रोबो एका कुशीवर चालतो. हातात मोटर घेऊन जो मोजतो त्याचं हे चुकत नाही.

आता संगणक उघड. सॉफ्टवेअरबद्दल माझं मत सरळ आहे: तुझ्या लॅपटॉपवर ऑनशेप. ते ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि जड गणितं त्यांच्या सर्व्हरवर होतात. बाकीचे टॅब मात्र बंद ठेव. विद्यार्थ्यांसाठी त्याचं मोफत शैक्षणिक खातं आहे, तेच काढ. साध्या मोफत खात्यात केलेलं काम सगळ्या जगाला दिसतं. फोनवरही त्याचं ॲप आहे, त्यामुळे दुकानात उभं राहून स्वतःचा पार्ट उघडून माप बघता येतं. घरी नेट नीट चालत नसेल तर फ्रीकॅड घे. ते पूर्ण मोफत आहे, नेटशिवाय चालतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आल्यापासून बरंच सुधारलंय. फ्यूजन चांगलं आहे, पण तुझ्या रॅमला झेपणार नाही. टिंकरकॅड शाळेतल्या मुलांसाठी छान. तुझी पायरी त्याच्या पुढची आहे.

पेन ड्राइव्हवरचं क्रॅक काढून टाक. ते चोरीचं आहे, त्यातून व्हायरस येतात, आणि तुला त्याची गरजच नाही. सीनियर म्हणतील, कंपन्यांमध्ये सॉलिडवर्क्स लागतं. खरं आहे. पण १९९५ साली पहिल्यांदा बाजारात आलेल्या त्या सॉलिडवर्क्सचे संस्थापक जॉन हर्शटिक यांनीच पुढे सहकाऱ्यांबरोबर ऑनशेप उभं केलं. स्केच (रेघांची आकृती), फीचर (तिला दिलेली जाडी, भोकं), असेंब्ली (भागांची जोडणी) ही विचारांची घडी दोन्हीकडे सारखीच आहे. एक नीट आलं की दुसऱ्यात फक्त बटणांच्या जागा शोधाव्या लागतात. तुमच्या टीमने सॉलिडवर्क्समध्ये काम केलं तरी तू तुझा पार्ट स्टेप फाइल म्हणून दे, तो तिकडे उघडेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं, स्केच. इथे थोडी थांबते, कारण बहुतेक जण नेमके इथूनच घाईने पुढे सरकतात.

१९६३ मध्ये एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी पीएचडीसाठी स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर लाइट पेनने रेघा काढायच्या आणि मग संगणकाला सांगायचं की या दोन समांतर हव्यात, या दोन सारख्या लांबीच्या हव्यात, इथे काटकोन हवा. संगणक त्या अटी पाळून आकृती जुळवून द्यायचा. आज तू ज्याला कन्स्ट्रेंट म्हणून क्लिक करतेस ते हेच. एवढ्या वर्षांत पडदे बदलले, पण मूळ कल्पना तीच राहिली: रेघ हाताने अचूक काढायची नाही, तिला अटी घालायच्या.

मोटर माउंटची प्लेट काढताना ओरिजिन, म्हणजे सगळी मापं जिथून मोजायची तो शून्य बिंदू, कुठे ठेवायचा हे आधी ठरव. मी शाफ्टच्या मध्यावर ठेवेन, कारण चाकाची उंची तिथून मोजायची आहे. मग शाफ्टच्या उंचवट्यासाठी वर्तुळ. मग बाजूला सरकलेला गिअरबॉक्सचा मध्यबिंदू आणि त्याभोवती स्क्रूच्या भोकांचं कन्स्ट्रक्शन वर्तुळ (फक्त मदतीची रेघ, पार्टमध्ये न येणारी). त्यावर एक भोक काढ आणि बाकीची सर्क्युलर पॅटर्नने घे, प्रत्येक भोक वेगळं काढू नकोस. ऑनशेपमध्ये ज्या रेघेचं अजून काही ठरायचं आहे ती निळी दिसते आणि सगळं ठरलं की काळी होते. निळी रेघ दिसली की ती माउसने धरून ओढ. जे हलतं ते तू अजून ठरवलेलं नाहीस. ते आडवं सरकतंय की फिरतंय ते बघ, म्हणजे कोणती अट राहिली ते कळतं. सगळं काळं होईपर्यंत एक्स्ट्रूड (सपाट स्केचला जाडी देणारी कमांड) दाबायचं नाही, हा नियम पहिले काही आठवडे कडक पाळ. लाल झालं तर तू एकमेकींशी भांडणाऱ्या दोन अटी घातल्या आहेस. शेवटची काढून टाक.

मग स्केचची परीक्षा घे. प्लेटची रुंदी ५० वरून ६० कर. भोकं मोटरच्या जागीच राहिली आणि कडा दोन्हीकडे सारख्या सरकल्या तर स्केच चांगलं. भोकंही सरकली तर तू त्यांचं माप कडेपासून दिलं आहेस. शाफ्टपासून द्यायला हवं होतं. स्पर्धेच्या आधी मोटर बदलते, चाक बदलतं, नियमावलीत दुरुस्ती येते. तेव्हा एक आकडा बदलून काम होणार की सगळं नव्याने काढावं लागणार, हे या स्केचवर ठरतं.

भोकांची मापं पाठ करून ठेव. एम३ (३ मिमी व्यासाचा) स्क्रू आरपार जायला ३.४ मिमी, एम४ ला ४.५, एम५ ला ५.५. भोक स्क्रूच्याच मापाचं काढलंस तर स्क्रू हातोडीनेच जाईल. ॲल्युमिनियममध्ये एम४ चे आटे पाडायचे असतील तर ड्रिल ३.३ मिमीचं. थ्रीडी प्रिंटमध्ये भोक सहसा मापापेक्षा थोडं लहान येतं. लेझर कटिंगमध्ये उलट, कारण लेझर स्वतःच्या किरणाच्या रुंदीएवढं मटेरियल जाळून टाकतो. त्यामुळे पूर्ण प्लेट करायच्या आधी एका छोट्या तुकड्यावर ३.२, ३.४, ३.६ अशी भोकं पाडून घे आणि स्क्रू घालून बघ.

आता पुन्हा बाबा. ड्रॉइंग झालं की प्रिंट काढ आणि त्यांच्यासमोर ठेव. "हे बनवायला दिलं तर तुम्हाला काय अडेल?" एवढंच विचार. ते विचारतील, हा जॉब धरू कुठे? हे माप कुठून घेतलंस? एवढी अचूकता इथे कशाला? हा आतला कोपरा एवढा टोकदार कसा करायचा? या चार प्रश्नांत अर्धं डिझाइन शिक्षण आहे. फिरणाऱ्या गोल कटरने आतला कोपरा टोकदार निघत नाही. ६ मिमीच्या कटरने तिथे किमान ३ मिमीची त्रिज्या राहणारच. पत्रा वाकवायचा असेल तर वाकाच्या अगदी जवळचं भोक ताणून अंडाकृती होतं. संगणक यातलं काही अडवत नाही, तू काढशील ते तो काढू देतो. जे बनतच नाही ते थांबवणारा माणूस तुझ्या घरात आहे. ही सोय किती मुलांना मिळते?

बाबा कदाचित सुतात बोलतील. वर्कशॉपमध्ये आणि बाजारात ही भाषा अजून चालते. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. तीन सुती सळई मागितलीस तर ती साधारण ९.५ मिमीची मिळेल. तुझ्या मॉडेलमध्ये १० मिमीचा शाफ्ट असेल तर बेअरिंगमध्ये तो खडखडेल. म्हणून क्रम असा ठेव: आधी बाजार, मग मॉडेल. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी लॅमिंग्टन रोड, नट-बोल्ट, बेअरिंग, टूल्ससाठी नागदेवी स्ट्रीट. दोन्ही ठिकाणी व्हर्नियर घेऊन जा आणि विकत घेण्याआधी मोज. बेअरिंगची मापं ठरलेली असतात, ६०८ नंबरचं बेअरिंग कोणत्याही कंपनीचं असो, आतून ८, बाहेरून २२ आणि जाडीला ७ मिमी. चाकं, कपलिंग, ब्रॅकेट यांचं मात्र तसं नाही. इंटरनेटवरून उतरवलेलं मॉडेल वापरायला हरकत नाही, पण हातातल्या वस्तूशी ताडून बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नकोस.

तीन पार्ट झाले की असेंब्ली. तिथे पहिली गोष्ट ३०० मिमी बाजूचं पारदर्शक खोकं काढ आणि रोबो त्यात बसव. काही बाहेर आलं तर आजच दिसेल, स्पर्धेच्या दिवशी पंचांच्या समोर नाही. तळाची प्लेट फिक्स कर, मोटर फास्टन्ड मेटने (न हलणाऱ्या जोडाने) जोड, चाक रिव्होल्यूट मेटने (फिरणाऱ्या जोडाने), म्हणजे ते फिरवून कुठे घासतंय का ते बघता येईल. बॅटरी, स्विच, मोटर ड्रायव्हर यांचे साधे ठोकळे काढ. मोटरच्या आतली वाइंडिंग, कंपनीचा लोगो असलं काही काढत बसू नकोस, तुझा लॅपटॉप त्याने दमेल. वायरना मात्र जागा सोड. मॉडेलमध्ये वायर नसतात, म्हणून मुलं त्यांना विसरतात आणि शेवटी झाकण लागत नाही. तशीच ॲलन कीची जागा. प्रत्येक स्क्रूसाठी स्वतःला विचार, इथे हात कसा जाणार? सामन्याच्या मध्ये मोटर बदलायची वेळ आली आणि स्क्रूपर्यंत की पोचत नसेल तर त्या डिझाइनला मी नापास करेन, दिसायला कितीही सुंदर असो.

वजनाचं गणितही इथेच होतं. प्रत्येक पार्टला मटेरियल नेमून दे, सॉफ्टवेअर वजन सांगतं. २८० × २०० मिमीची ३ मिमी जाड प्लेट ॲल्युमिनियममध्ये साधारण ४५० ग्रॅम भरते आणि माइल्ड स्टीलमध्ये १.३ किलो. पाच किलोच्या मर्यादेत हा फरक फार मोठा आहे. मोटर आणि बॅटरी खऱ्या काट्यावर तोल, कोपऱ्यावरचा वाणी आनंदाने तोलून देईल, आणि ते आकडे मॉडेलमध्ये हाताने भर. नट-बोल्ट आणि वायरसाठी थोडं वजन राखून ठेव. गिअर वापरणार असाल तर दोन अक्षांमधलं अंतर म्हणजे दोन्ही गिअरच्या दातांची बेरीज भागिले २, गुणिले मॉड्यूल, म्हणजे गिअरच्या दाताच्या आकाराचा आकडा. १ मॉड्यूलचे २० आणि ४० दातांचे गिअर असतील तर ३० मिमी. डोळ्यांनी जुळवायचं नाही.

राहिला टीमचा प्रश्न. तुला रिपोर्ट आणि पोस्टरवर बसवलं आहे ते मला आवडलेलं नाही. मुलींच्या वाट्याला हेच काम येताना मी बघते आणि दर वेळी मला राग येतो. पण "मला डिझाइनमध्ये घ्या" असं मोघम मागितलंस तर मोघमच उत्तर मिळेल. एक ठराविक पार्ट माग: उजव्या-डाव्या मोटरचा माउंट माझा, तो काढणं, बनवून आणणं, बसवणं आणि तुटला तर दुरुस्त करणं सगळं माझं. असं बोलणाऱ्याला नाही म्हणणं अवघड असतं. रिपोर्टही सोडू नकोस. मापं आणि ती तशी का ठरली हे त्यात लिहीत जा. परीक्षक विचारतील तेव्हा टीममध्ये उत्तर देता येणारी तू असशील.

आणि मीटिंगला रिकाम्या हाताने जाऊ नकोस. प्लेटच्या समोरच्या बाजूची डीएक्सएफ फाइल काढ, तीच पुढे लेझर कटिंगवाल्याला द्यायची आहे. त्याआधी तिची कागदावर प्रिंट घे, एकास एक मापात. प्रिंट करताना कागदावर मावेल असं लहान-मोठं करण्याचा पर्याय बंद ठेव आणि ड्रॉइंगमध्ये बाजूला १०० मिमीची एक रेघ काढ. प्रिंट आल्यावर आधी ती पट्टीने मोज. ९७ भरली तर प्रिंटरने लहान केलंय, पुन्हा काढ. बरोबर भरली की कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटव, भोकं काप, मोटर त्यात घालून स्क्रू लाव. स्क्रू बसत नसेल तर कोणतं माप चुकलं ते तिथेच कळेल आणि फक्त एक पुठ्ठा वाया जाईल. बसला की तोच पुठ्ठा मोटरसकट मीटिंगला घेऊन जा आणि टेबलावर ठेव.